पाच मोटारींचे विमान आणि न्हावा-शेव्याचा काठ

१९६४ साली आलेल्या ‘गोल्डफिंगर’ या जेम्स बाँडपटात खलनायकाची रोल्स-रॉइस मोटार इंग्लंडमधल्या साउथएंड विमानतळावर एका विचित्र विमानाच्या पोटात चढवली जाते. विमानाचे नाक दारासारखे एका बाजूला उघडते, मोटार आत जाते, नाक बंद होते आणि विमान समुद्रापलीकडे उडते. हे पटासाठी बनवलेले विमान नव्हते. ‘कारव्हेअर’ नावाची अशी २१ विमाने खरोखर बनली, आणि त्यांतली बरीच इंग्लिश खाडीवरून मोटारी आणि त्यांच्या मालकांना एकत्र नेण्याचे काम करत होती. विमानप्रेमींच्या आठवणींत ती आजही आहेत, पण त्या आठवणी बहुतेक वेळा त्यांच्या रूपाभोवती फिरतात: डोक्यावरचे उंचवट्यासारखे वैमानिक-कक्ष, चार पंख्यांचा घणघणाट, श्रीमंत पर्यटकांचा तो छोटासा काळ. माझे म्हणणे असे की या विमानांनी शिकवलेली खरी गोष्ट त्यांच्या उडण्यात नव्हती. पाणी ओलांडायला किती वेळ लागतो हे पाण्यावर कमी आणि काठावर जास्त ठरते, हे त्यांच्या जन्मातून दिसते आणि त्यांच्या मरणातूनही दिसते. न्हावा-शेवा, उरण, मोरा, रेवस, मांडवा या पट्ट्यात पूल, बंदर, विमानतळ आणि बोटी यांवर गेली काही वर्षे प्रचंड पैसा ओतला जात आहे. म्हणून साठ वर्षांपूर्वीच्या या विमानांकडे या काठावरून पुन्हा पाहिले पाहिजे.

मुळात मोटार विमानातून न्यावी असे कुणाला का वाटले? कारण जहाजावर ती नेणे जिकिरीचे होते. स्टुअर्ट टाउनसेंड या गृहस्थांनी १९२८च्या सुमारास डोव्हर ते कॅले अशी मोटारवाहतूक सुरू केली आणि १९३०मध्ये ‘फोर्ड’ नावाची नौदलाची जुनी सुरुंगशोधक नौका विकत घेऊन तिचे मोटारींचे जहाज केले. पण मोटार जहाजावर जायची ती क्रेनने उचलून, दोरांत लटकत. खाडी डोव्हरपाशी जेमतेम तेहतीस-चौतीस किलोमीटर रुंद, म्हणजे समुद्रप्रवास तासा-दीड तासाचा. बाकीचा दिवस धक्क्यावर जायचा. युद्धानंतर ‘सिल्व्हर सिटी’ या विमान कंपनीचे प्रमुख ग्रिफिथ पॉवेल यांनी हीच अडचण हेरली. त्यांच्याजवळ ब्रिस्टल फ्रेटर हे विमान होते. त्याच्या नाकाला दुभंगणारी दोन दारे होती आणि पोट जमिनीला इतके जवळ होते की साध्या उतारावरून मोटार आत ढकलता येई. जुलै १९४८मध्ये लिंपनहून फ्रान्समधल्या ल तुके इथे पहिली सेवा सुरू झाली. उड्डाण वीसेक मिनिटांचे. मराठी वाचकाने ‘सिल्व्हर सिटी’ हे नाव दुसऱ्या एका कारणासाठीही लक्षात ठेवावे. आदल्याच वर्षी, फाळणीच्या धुमाळीत, याच कंपनीच्या विमानांनी आपल्या उपखंडात निर्वासितांची ने-आण केली होती. माणसे असोत वा मोटारी, घाईने भरायचे आणि घाईने उतरवायचे हे कसब त्या कंपनीला अवगत होते. १९५४मध्ये तिने लिड इथे ‘फेरीफील्ड’ नावाचा स्वतःचा विमानतळ बांधला तोसुद्धा याच हिशोबाने. मोटार फाटकातून शिरल्यापासून विमान धावपट्टीवर जाईपर्यंतचा प्रत्येक टप्पा तिथे एका सरळ ओळीत मांडलेला होता. विमान तेच जुने, संथ, गोंगाटाचे. कंपनीने पैसे घातले ते त्याच्याभोवतीच्या जमिनीवर.

ब्रिस्टलमध्ये दोन मोटारी मावत. लांब नाकाच्या पुढच्या आवृत्तीत तीन. मागणी वाढली तसे मोठे विमान हवे झाले, आणि इथे फ्रेडी लेकर हा कल्पक उद्योजक पुढे आला. बर्लिनच्या नाकेबंदीच्या वेळी जुनी बॉम्बर जातीची विमाने मालवाहू म्हणून चालवून त्याने पैसा कमावला होता. मोडीत निघालेल्या यंत्रात कुठे जीव उरला आहे हे त्याला नेमके कळत असे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जेट विमाने आली आणि डग्लस डीसी-४ जातीची चार पंख्यांची प्रवासी विमाने स्वस्तात विकायला निघाली. लेकरच्या ‘एव्हिएशन ट्रेडर्स’ कंपनीने त्यांचे नाक कापले, अडीच मीटरहून थोडे अधिक लांबीचे नवे नाक बसवले, वैमानिक-कक्ष सुमारे दोन मीटर वर उचलून छतावर नेला, समोर बाजूला उघडणारे दार लावले आणि शेपटीचा उभा पंख मोठा केला. २१ जून १९६१ रोजी पहिले कारव्हेअर उडाले. त्यात पाच मोटारी आणि बावीस प्रवासी जात. वैमानिकाला वर पाठवून खालचा सगळा मजला नाकापासून शेपटीपर्यंत मोकळा ठेवणे हीच त्यामागची कल्पना होती. पुढे बोइंग ७४७च्या मालवाहू आवृत्तीतही कक्ष वर आणि दार नाकात अशीच मांडणी झाली. पण कारव्हेअरला एक उणेपण जन्मतःच चिकटले होते, आणि ते पुन्हा काठाचेच. डीसी-४ उंच पायांवर उभे राहते. ब्रिस्टलमध्ये मोटार उतारावरून चढे, कारव्हेअरमध्ये तिला यांत्रिक उचलणीवर ठेवून एकेक करून वर न्यावे लागे. विमान मोठे झाले, पण चढण्याची जागा जमिनीपासून दूर गेली.

डीसी-४ आपल्याकडे अनोळखी नव्हते. त्याच्या लष्करी जुळ्या भावाचे ‘स्कायमास्टर’ हे नाव भारतातही रुळले होते. १९५३मध्ये इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली तेव्हा डाकोटांच्या मोठ्या ताफ्यासोबत तीन स्कायमास्टरही तिच्या वाट्याला आली. त्यांची सर्वांत सुंदर कामगिरी महाराष्ट्राच्या भूमीवर झाली, ती नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर. १९४९च्या जानेवारीअखेर सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरात परत जात. आधी डाकोटा, नंतर स्कायमास्टर. आज रात्री मुंबईत टाकलेले पत्र उद्या कलकत्त्यात, ही त्या काळात अचंबित करणारी गोष्ट होती. ती शक्य झाली ती काही विमाने वेगवान होती म्हणून नव्हे. सोनेगावच्या त्या दीड-दोन तासांत चारही विमानांच्या थैल्या न चुकता जागच्या जागी पोचवणाऱ्या टपाल आणि विमानतळ कर्मचाऱ्यांनी ती शक्य केली. आपल्या वाहतुकीच्या इतिहासात या माणसांना जो मान मिळायला हवा होता तो मिळाला नाही, याचे मला वाईट वाटते.

आता पहिला आक्षेप. कुणी म्हणेल की हवाई मोटारफेरी बंद पडली ती महाग होती म्हणून. पाच मोटारींसाठी चार इंजिनांचे पेट्रोल जाळणे हा आतबट्ट्याचाच व्यवहार, त्यात काठाचा संबंध काय? हिशोब खरा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून तितकाच खरा होता. १९४८मध्ये तर विमानात फक्त दोनच मोटारी जात. तरीही ती सेवा वाढली, कारण जहाजाच्या काठावर जाणारा दिवस वाचवायला लोक पैसे मोजत होते. हिशोब बदलला तो दुसऱ्या बाजूने. १९५३मध्ये डोव्हरच्या पूर्व धक्क्यावर मोटारी थेट जहाजात चालवत नेता येतील असे धक्के सुरू झाले. १९६२मध्ये टाउनसेंडचे ‘फ्री एंटरप्राइज’ जहाज आले; त्यात शंभराहून जास्त मोटारी आपल्या चाकांवर आत-बाहेर करीत. १९६८मध्ये मोटारी वाहणारे महाकाय हॉवरक्राफ्ट आले, ते किनाऱ्याच्या उतारावर स्वतःच चढून येई. जहाज काही वेगवान झाले नव्हते. क्रेन गेली एवढेच. विमानाने जो वेळ काठावर वाचवला होता तोच वेळ जहाजाने काठावर वाचवला, आणि मग पाचापुढे शंभर हा मुकाबलाच उरला नाही. ब्रिटिश युनायटेड एअर फेरीज या विमान कंपनीने कारव्हेअर जिनिव्हा, बाझल, स्ट्रासबूर्ग असे युरोपच्या आत नेऊन पाहिले. आयर्लंडच्या एअर लिंगसने त्यातून शर्यतीचे घोडे नेले. ऑस्ट्रेलियात अन्सेटने त्यांना मालवाहू म्हणून वापरले. १९७०चे दशक सरता सरता मोटारींची हवाई वाहतूक आटोपली. खाडीखालचा बोगदा ६ मे १९९४ला सुरू झाला, म्हणजे विमाने मेल्यावर कितीतरी वर्षांनी. बोगद्याने विमानफेरी संपवली हा समज निखालस चुकीचा आहे. तिला संपवले धक्क्यावरच्या एका उताराने.

हाच न्याय न्हावा-शेव्याला लावून पाहू. कंटेनरची क्रांतीही जुनी वाहने बदलून सुरू झाली. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या घेऊन निघालेले ‘आयडियल एक्स’ हे युद्धकाळातले तेलवाहू जहाज होते, त्यावर फळ्या ठोकून ते कंटेनरवाहू केले होते. न्यूझीलंडमध्ये तर त्याही आधी, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, कुक सामुद्रधुनीवरून उडणाऱ्या ब्रिस्टल फ्रेटरमध्ये आधीच भरून ठेवलेले फलाट जसेच्या तसे सरकवले जात. विमान उतरेपर्यंत पुढचा भार तयार असे. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा इथले जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले ते या विचारावर उभे राहून. मुंबई बंदरातल्या गोदीत जहाजे दिवसचे दिवस खोळंबत; समोरच्या किनाऱ्यावर पेटी उचलून थेट ट्रकवर किंवा रेल्वेवर ठेवायची सोय झाली. पण काठ म्हणजे फक्त पाण्याकडची बाजू नव्हे. पळस्पे फाट्यापासून करळ फाट्यापर्यंत कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगा पनवेल-उरणच्या लोकांनी वर्षानुवर्षे सोसल्या आहेत. धक्क्यावर तासात उतरलेली पेटी फाटकाबाहेर पडायला काही दिवस घेत असेल, तर क्रेनचा वेग कुणाच्या कामाचा? २०१६पासून राबवलेली थेट बंदरातून माल नेण्याची पद्धत आणि नंतर उभारलेला ट्रकांचा एकत्रित वाहनतळ ही जमिनीकडचा काठ मोकळा करण्याचीच खटपट होती, आणि ती क्रेनपेक्षा जास्त निर्णायक होती असे मला वाटते.

हा काठ कुणाचा होता, हेही इथे सांगितले पाहिजे. उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी जो लढा दिला, त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ला पाचजणांनी प्राण दिले. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातल्या मच्छिमार कुटुंबांना उठवून हनुमान कोळीवाड्यात वसवले, आणि तिथल्या घरांना वाळवीने पोखरले. म्हणून काठाच्या नियोजनाची चर्चा केवळ मिनिटांची असू शकत नाही. ज्यांच्या होड्या पिढ्यान्‌पिढ्या त्या चिखलावर लागत होत्या, त्यांच्यासाठी नव्या धक्क्यात जागा ठेवणे हे उपकाराचे काम नाही, ते देणे आहे.

कोकणाला काठाची ही किंमत पूर्वीपासून माहीत आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारी आगबोट कितीतरी बंदरांत किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून उभी राहायची आणि माणसे, बोचकी, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या पडावातून किनाऱ्यावर यायच्या. त्या पडावातच भीती होती, भिजणे होते आणि खोळंबा होता. १९९०च्या दशकात नवी मुंबईसाठी हॉवरक्राफ्ट आणि कॅटमरान आले, आणि काही वर्षांतच थांबले. फेब्रुवारी २०२२मध्ये बेलापूरहून वॉटर टॅक्सी सुरू झाली. स्पीडबोटीचे भाडे माणशी आठशे-बाराशे रुपयांच्या घरात, आणि धक्का रेल्वे स्थानकापासून लांब. बोट अर्ध्या तासात पोचवायची, पण धक्क्यापर्यंत जाणे आणि पलीकडून कचेरी गाठणे त्यात कुणी धरलेच नव्हते. २०२५च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णे मोटारी रेल्वेवरून नेण्याचा प्रयोग केला. ट्रकांसाठी हीच सेवा १९९९पासून उत्तम चालते आहे. मोटारींसाठी भाडे ७,८७५ रुपये, प्रवास बारा तासांचा, आणि गाडी सुटण्याआधी तीन तास हजर राहायचे. प्रतिसाद अगदीच थोडा आला, यात नवल नाही. ट्रकचालकाला बारा तासांची झोप आणि वाचलेले डिझेल मिळते. कुटुंब घेऊन गावी निघालेल्या माणसाला काठावरचे तीन तास परवडत नाहीत.

याउलट जे टिकले ते पाहा. दाभोळ-धोपावे फेरी २००३मध्ये सुरू झाली. तिथे काँक्रीटचा एक उतार आहे आणि पुढचे फळकूट खाली टाकणारी बोट आहे, बस्स. भरती-ओहोटीने पाणी वर-खाली झाले तरी बोट उताराच्या कुठल्या तरी बिंदूला लागतेच. चिपळूणवरून घ्यावा लागणारा वळसा वाचतो, एसटीच्या प्रवाशापासून दुचाकीवाल्यापर्यंत सगळ्यांना तिकीट परवडते. त्याच धर्तीवर वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ इथे फेऱ्या चालतात, आणि फेब्रुवारी २०२४पासून वसई-भाईंदरमध्येही. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो, म्हणजे वाहने थेट चालवत आत-बाहेर नेणारी, सेवा २०२०मध्ये सुरू झाली. रस्त्याने शंभर किलोमीटरहून लांबचा फेरा, पाण्याने सुमारे तासाभराचा. तिच्या यशाचे श्रेय सगळे ग्रीसमध्ये बांधलेल्या त्या मोठ्या जहाजाला देतात. मी ते मांडव्याच्या लाटारोधक भिंतीला आणि दोन्ही टोकांच्या टर्मिनलला देईन, कारण ती बांधकामे नसती तर पावसाळ्यात त्या जहाजाला मांडव्याला लागताच आले नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. १२ जानेवारी २०२४ला शिवडी ते न्हावा-शेवा असा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल पोचली, ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन झाले. आता मोटार वीस मिनिटांत समुद्र ओलांडते. मग फेरीचा विचार म्हणजे गेलेल्या काळाचे कौतुक नव्हे काय? नव्हे, आणि कारणे ठोस आहेत. अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. उरणचा दुधवाला, न्हाव्याचा मच्छीविक्रेता, करंजाचा तरुण कामगार यांचे वाहन तेच, आणि त्यांच्यासाठी हा पूल जणू नाहीच. दुसरे कारण गोव्याने शिकवले. मांडवी नदीवरचा १९७०मध्ये झालेला नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, आणि नवा पूल १९९२मध्ये होईपर्यंत पणजी आणि बेतीच्या मधली रहदारी पुन्हा फेरीबोटींवर आली. बोटी, तांडेल आणि धक्के शाबूत होते म्हणून राजधानी बंद पडली नाही. पूल झाल्यावर धक्का मोडीत काढणारे शासन एकाच खांबावर सगळा भार टाकते.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. काठावरचा वेळ कमी करण्याची हाव जीवघेणी ठरू शकते. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ हे मोटारवाहू जहाज पुढचे दार उघडे ठेवूनच निघाले आणि काही मिनिटांत कलंडले; १९३ माणसे गेली. चौकशीत दिसले ते असे की दार बंद झाले की नाही हे पाहण्याची खात्रीची पद्धतच नव्हती आणि वेळापत्रकाची घाई मात्र होती. काठ मोकळा करणे म्हणजे काठावरची माणसे कमी करणे नव्हे. दार बंद झाल्याची खूण वैमानिकाला किंवा कप्तानाला मिळाल्याशिवाय सुटायचे नाही, बोटीवर किती माणसे चढली ते मोजल्याशिवाय दोर सोडायचा नाही, ही कामे करणारे लोक पगारावर असले पाहिजेत. सोनेगावच्या थैल्या मोजल्या जात होत्या म्हणूनच चारही विमाने वेळेवर सुटत.

आता मोऱ्याचा प्रश्न. भाऊचा धक्का ते मोरा ही लाँच उरणकरांची जुनी सोबतीण आहे. पण मोऱ्याचे बंदर गाळाने भरते आणि मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागू शकत नाही. मग फेऱ्या थांबतात, प्रवासी पाणी चढायची वाट पाहत बसतात. इथे दुचाकी नेणारी रो-रो यावी ही मागणी रास्त आहे, आणि तिच्यावर होणारी चर्चा बहुधा बोट कोणती घ्यावी, वातानुकूलित की साधी, विजेवरची की डिझेलची, इथेच अडकते. डोव्हरने १९५३मध्ये धक्के बांधले तेव्हा त्यांना साजेशी मोठी जहाजे पुरती यायचीही होती. ‘फ्री एंटरप्राइज’ नऊ वर्षांनी आले. मोऱ्यालाही आधी नियमित गाळ काढायची तरतूद हवी, दाभोळसारखा भरती-ओहोटी दोन्हींत चालणारा उतार हवा, धक्क्यापासून उरण स्थानकापर्यंत एसटीची जोडणी हवी आणि कोळ्यांच्या होड्यांना त्याच धक्क्यावर हक्काची जागा हवी. त्या उतारावर दाभोळची जुनी फेरीबोटही आणून लावता येईल.